कोरड्या रस्त्यावर चार चाकांची ओढ

(मेलकावेरी, कुंभकोणम येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या बैठकीत आमच्या रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेलं भाषण. बोलीतच ठेवलं आहे.)



कावेरीच्या काठावर उभं राहून मला मराठीत बोलायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. तंजावरला भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत होती, एवढं शाळेत वाचलं होतं. पण गादी गेली तरी भाषा घरात राहिली, हे इथे आल्यावर कळलं. तुमची मराठी आणि माझी मराठी थोडी वेगळी आहे. तरी सकाळपासून आपलं काही अडलेलं नाही.

सचिव बोलायला उभा राहिला म्हणजे वेतन आयोग, पेन्शन, बदल्या यावर बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. त्यावर आपण दुपारी बसणारच आहोत. आत्ता मी गाडीच्या एका दांडीवर बोलणार आहे. हसू नका. त्या दांडीमुळे आपल्या एका माणसाच्या पगारातून पैसे कापले गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्यात चूक माझी होती. ती हकिकत शेवटी सांगतो. आधी आज सकाळचं ऐका.

काल रात्री इथे पाऊस झाला. आम्ही चौघं पलीकडच्या एका खेड्यात मुक्कामाला होतो. सकाळी आम्हाला आणायला एक तरुण जीप घेऊन आला. निवृत्त पोस्टमनचा मुलगा, भाड्याची गाडी चालवतो. खेड्यातून निघताना भातशेतीच्या बांधावरून कच्चा रस्ता, काळा चिकट चिखल. त्याने छोटी दांडी ओढली, फोर व्हील लावली आणि गाडी झोकात बाहेर काढली. मी मनात शाबासकी दिली. पुढे डांबरी रस्ता लागला. ऊन पडलं होतं, रस्ता खडखडीत वाळला होता. दांडी मात्र तशीच. कुंभकोणमच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांवर आलो. तिथले कोपरे कसे काटकोनात आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्या कोपऱ्याला टायर किंचाळले. दुसऱ्या कोपऱ्याला गाडी आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी अडखळली आणि उडी मारून पुढे गेली. मी विचारलं, "बाळा, दांडी काढली नाहीस का?" तो म्हणाला, "काका, चार चाकं धरतात ती दोनपेक्षा चांगलीच ना? राहू दे की."

मुलगा हुशार आहे, गाडी जपणारा आहे. त्याला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच. त्याच्याएवढा होतो तेव्हा मीही हेच म्हणत होतो. चार दोनपेक्षा चांगले, हे हिशेबाला बरोबर दिसतं. मग कोरड्या रस्त्यावर ते चुकतं कसं, ते आपण समजून घेऊ. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे, इंजिनियर नाही. मला एका फिटरने जसं समजावलं तसं सांगतो.

मळणी पाहिलेल्यांनी डोळ्यांसमोर खळं आणावं. मधे मेढ रोवलेली, बैलांची दावण तिच्याभोवती फिरते. मेढीजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो. बाहेरच्या बैलाला मोठा फेरा पडतो, तो भराभर चालतो. म्हणून म्हातारा बैल आत आणि तरणा बैल बाहेर, असं आपले वडील बांधत. आता समजा, कुणी अतिशहाण्याने सगळ्या बैलांचे पाय एका वासाला बांधले आणि म्हणाला, सगळ्यांनी सारखंच पाऊल टाकायचं. काय होईल? एक तर बैल पडेल, नाही तर वासा मोडेल.

वळणावर प्रत्येक गाडीच्या चाकांचं हेच असतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर, आतल्याला कमी. बैलगाडीत दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात, म्हणून तिथे प्रश्नच येत नाही.

आपल्या रेल्वेत मात्र दोन्ही चाकं धुऱ्यावर घट्ट बसवलेली. एक फिरलं की दुसरं तेवढंच फिरणार. आणि बाहेरचा रूळ तर लांब असतो. ब्रॉडगेजवर दोन रुळांच्या मध्यांतलं अंतर साधारण पावणेदोन मीटर. गाडी काटकोनात वळली, म्हणजे उत्तरेकडे चाललेली पूर्वेकडे चालू लागली, तर त्या वळणात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे पावणेतीन मीटर लांब पडतो. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच. मग एका धुऱ्यावरची दोन चाकं हा फरक कसा भरून काढतात? ट्रॅकवरच्या आणि शेडमधल्या लोकांना उत्तर माहीत आहे. चाकाची धाव सपाट नसते, तिला वीसात एक असा उतार दिलेला असतो. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते. बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर. फेरे सारखे, पण अंतर कमीजास्त. तीव्र वळणावर तेवढ्याने भागत नाही. मग चाक कर्कश ओरडतं, बाहेरचा रूळ आतल्या अंगाने झिजतो, आणि आपले ट्रॅकमन तिथे ग्रीस लावत फिरतात. ते ओरडणं म्हणजे चाक रुळावर घासून आपला हिशेब पुरा करत असतं.

मोटारीत यासाठी डिफरन्शिअल असतं. पॅकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२७ मध्ये त्याची युक्ती काढली. इंजिनाची ओढ दोन्ही चाकांना द्यायची, पण वळणावर एकाला जास्त आणि एकाला कमी फिरायची मोकळीक ठेवायची. आपल्या साध्या गाडीच्या मागच्या धुऱ्यात मधे जो गोल डबा दिसतो, त्यात ते असतं.

आता फोर व्हीलच्या जीपकडे या. मागच्या धुऱ्यात डिफरन्शिअल आहे. पुढच्या धुऱ्यातही आहे. म्हणजे डाव्या-उजव्याची भांडणं मिटली. पण पुढच्या धुऱ्याचं आणि मागच्या धुऱ्याचं काय? वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात. चिखलातून किंवा पाण्यातून वळलेल्या गाडीच्या खुणा पाहा, पुढच्या चाकांचा माग बाहेरून गेलेला दिसेल. साध्या गाडीत पुढची चाकं सुटी असतात, त्यामुळे बिघडत नाही. पण दांडी ओढून फोर व्हील लावली, की ट्रान्सफर केसमध्ये पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जखडले जातात. मधे डिफरन्शिअल नाही. दोघांनी सारखेच फेरे मारायचे. हाच तो वासा, बैलांच्या पायाला बांधलेला.

किती फरक पडतो? मी कागदावर मांडून पाहिलं. पुढच्या आणि मागच्या धुऱ्यात २.४ मीटर अंतर धरा, छोट्या जीपला साधारण तेवढं असतं. मागचा धुरा पाच मीटर त्रिज्येने काटकोनात वळला, तर तो ७.८५ मीटर चालतो आणि पुढचा ८.७ मीटर. एका कोपऱ्यात ८५ सेंटिमीटर फरक! चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास आणि धुऱ्यातलं गिअरचं प्रमाण चारच्या आसपास धरलं, तर पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा दीड फेरा जास्त हवा असतो. आणि आपण तर दोघांना जखडून ठेवलेलं. तो दीड फेरा जाणार कुठे?

चिखलात, वाळूत, सुट्या मुरमावर तो चाकाखाली जातो. चाक थोडं घसरतं, माती सरकते, हिशेब मिटतो. म्हणून तिथे फोर व्हील चालते, तिथे ती पाहिजेच. कोरड्या डांबरावर आणि सिमेंटवर मात्र टायर घट्ट धरतो, सहजी घसरत नाही. मग तो फरक आत साठतो. शाफ्टला पीळ बसतो, क्रॉसवर, गिअरच्या दातांवर, बेअरिंगवर ताण चढतो. ओला पंचा पिळताना कसा आवळत जातो, तसं. शेवटी एखादा टायर सुटतो आणि किंचाळून घसरतो. तो सुटला तर बरं. नाही सुटला तर आतलं काहीतरी मोडतं.

कुणी म्हणेल, मी सरळ रस्त्यावर चालवतो, वळणच नाही. तरीही सुटका नाही. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील, किंवा हवा कमीजास्त असेल, तर चाकांच्या घेरात फरक पडतो. शेकडा एक एवढाच फरक धरा. दर किलोमीटरला दहा मीटरचा पीळ झाला! आपल्या खात्यांच्या गाड्यांना चारही टायर एका वेळी नवे मिळाल्याचं किती जणांनी पाहिलं आहे, हात वर करा. कुणी नाही. तेच म्हणतो.

दुसरा गैरसमज सुरक्षिततेचा. चार चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबेल, असं नाही. थांबवतात ते ब्रेक, आणि ते साध्या गाडीतही चारी चाकांना असतात. उलट कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावून घट्ट वळण घेतलं, तर स्टिअरिंग जड होतं आणि गाडी वळायला नाखूश होऊन सरळ जाऊ पाहते. गल्लीत कोपऱ्यावर शाळेची पोरं उभी असतात, तिथे हे परवडणारं नाही.

इथला रथोत्सव तुम्ही दरवर्षी पाहता. सारंगपाणी मंदिराचा रथ कोपऱ्यावर येतो, तेव्हा चाकाखाली लाकडी ठोकळे टाकणारी माणसं किती सावकाश काम करतात! हजारो माणसं दोर धरून उभी असतात, पण ठोकळेवाल्याने मान हलवल्याशिवाय दोर ओढला जात नाही. ज्याला स्टिअरिंग नाही ते लाकूड जोराने वळत नाही, हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. आपल्या जीपला स्टिअरिंग आहे, इंजिन आहे, म्हणून आपण जोर लावतो.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. चालक बंधूंनी आणि ज्यांची मुलं गाडी चालवतात त्यांनी नीट ऐका.

पहिली गोष्ट, आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते जाणून घ्या. जुन्या जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी दोन छोट्या दांड्या असत. नंतरच्या गाड्यांत एकच आली आणि तिच्या मुठीवर टू एच, फोर एच, एन, फोर एल असं लिहिलेलं दिसतं. काही गाड्यांत दांडीऐवजी बटण असतं. १९८५ ला आलेली जिप्सी, २०१० ला आलेली थार, २०२३ ला आलेली जिम्नी, या गाड्यांची फोर व्हील मी सांगतो त्या जातीची, म्हणजे गरजेपुरती लावायची. काही मोठ्या गाड्यांत पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्येही तिसरं डिफरन्शिअल असतं किंवा आपोआप सुटणारा क्लच असतो. त्या कोरड्या रस्त्यावरही चारी चाकांनी चालतात. आपली कुठली, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात असतं. नसेल तर मागून घ्या.

दुसरी गोष्ट, लावायची कधी. चिखल, वाळू, नदीचं पात्र, सुटी खडी, निसरडा चढ. अडकल्यावर नव्हे, अडकायच्या आधी लावा. फोर एल फक्त फार जड किंवा फार हळू कामासाठी, आणि ती टाकताना गाडी थांबवायची. नुसता ओला डांबरी रस्ता म्हणजे चिखल नव्हे. रस्त्यावर गाळ वाहून आलेला असेल तर लावा, पण घट्ट वळणाआधी काढा.

तिसरी गोष्ट, काढायची कधी. टणक कोरडा रस्ता लागला की लगेच, पहिल्या वळणाच्या आधी. कावेरीच्या या खोऱ्यात हे जास्त सांभाळलं पाहिजे. इथे शेतात चिखल आणि दहा पावलांवर डांबर. १६ नोव्हेंबर २०१८ ला पहाटे वेदारण्यमजवळ गज वादळ किनाऱ्यावर आलं. तशा वेळी मदतीची गाडी दिवसभरात वीस वेळा चिखलात उतरते आणि वीस वेळा डांबरावर येते. चालक थकलेला असतो. वीस वेळा दांडी लावेल, एकोणीस वेळा काढेल. विसरणं माणसाचं आहे, म्हणून शेजारी बसलेल्यानेही आठवण केली पाहिजे. साहेब बसले असतील तर साहेबांनी.

चौथी गोष्ट, खुणा ओळखा. स्टिअरिंग जड होणं, वळणावर टायर ओरडणं, गाडी अडखळून उडी मारणं, ॲक्सिलरेटर सोडल्यावर ब्रेक लागल्यासारखी गाडी थबकणं, आणि दांडी फोर व्हीलमधून न निघणं. दांडी निघत नसेल तर आत पीळ बसलेला आहे. लाथ मारू नका, हातोडी लावू नका. मोकळी जागा पाहा, मागे माणूस नाही याची खात्री करा, स्टिअरिंग सरळ करा, चार-पाच मीटर सरळ मागे घ्या. पीळ सुटतो आणि दांडी हाताने निघते. नाहीतर रस्त्याच्या कडेच्या सुट्या मातीवर एका बाजूची चाकं घालून सरळ थोडं पुढे जा. जॅक लावून चाक उचलायच्या फंदात मात्र पडू नका. आतला पीळ एकदम सुटला तर चाक झटक्यात फिरतं आणि हात जातो.

टपालातले बंधू म्हणतील, आमच्या मेल मोटरच्या बहुतेक गाड्या साध्या, आम्हाला याचं काय? तुमचा संबंध माझ्या हकिकतीच्या शेवटी येतो. आता ती सांगतो.

१९९० नंतरची गोष्ट. मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो, घाटातल्या एका कचेरीत बदली चालक म्हणून लागलो होतो. एका पावसाळ्यात दरड आली, रात्रभर माणसं आणि सामान पोचवायचं होतं. जीपची फोर व्हील कशी लावायची ते एका खलाशाने मला अंधारात दाखवलं. कशी काढायची ते दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पहाटे पाऊस थांबला. खाली उतरलो तर ऊन, रस्ता कोरडा. चाळीसेक किलोमीटर वळणावळणाच्या डांबरी रस्त्याने मी ती गाडी तशीच आणली. स्टिअरिंग जड लागत होतं. मला वाटलं, स्टिअरिंगचं तेल संपलं असेल. कचेरीत आल्यावर दांडी काढून पाहिली, निघाली नाही. झोप डोळ्यांवर होती. गाडी उभी केली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातल्या सर्वांत जुन्या चालकाने ती गाडी काढली. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. फाटकातून बाहेर पडून त्यांनी वळण घेतलं, आतून धाड आवाज आला आणि गाडी जागीच बसली. ट्रान्सफर केस फुटली होती, तेल रस्त्यावर. गाडी कुणाच्या हातात मोडली? मामांच्या. मग दोषी कोण? मामा. त्यांना कागद आला, त्यांनी दोन ओळींत "मला माहीत नाही" असं उत्तर दिलं आणि त्यांच्या पगारातून वसुली सुरू झाली. कित्येक महिने चालली. मी रोज त्यांच्याबरोबर चहा पीत होतो. मला खरोखरच कळलं नव्हतं की ती माझी करणी आहे.

पाच-सहा वर्षांनी एका वर्कशॉपमध्ये फिटरने मला ते पुढच्या-मागच्या धुऱ्याचं गणित समजावलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तेच. ऐकता ऐकता माझ्या पायाखालची जमीन सरकली. चाळीस किलोमीटर, किती वळणं, आणि न निघालेली दांडी! मामा तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांच्या गावी गेलो आणि सांगून टाकलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैसे गेले ते गेले. पण लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला गाडी कळेनाशी झाली. ते जास्त लागलं." मी मान खाली घातली. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "अरे, पण तुला तरी कुणी शिकवलं होतं?"

बंधूंनो, मामांच्या त्या प्रश्नासाठी मी आज हा विषय घेतला. गाडी एका दिवसात मोडत नाही. दहा जणांच्या हातून तिला पीळ बसतो आणि अकराव्याच्या हातात ती मोडते. वसुली अकराव्याकडून होते. आणि ज्यांनी त्या दहा जणांना शिकवायला हवं होतं, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. टपालातल्या बंधूंना हे नवीन नाही. दुसऱ्याने केलेल्या घोटाळ्यात, तुमचं लक्ष नव्हतं म्हणून तुमच्याकडून वसुली, हे तुम्ही काउंटरवर बसून भोगलेलं आहे.

म्हणून नियम काय सांगतो ते तोंडपाठ करा. रेल्वे कर्मचारी शिस्त व अपील नियम, १९६८, यातल्या नियम ६ प्रमाणे नुकसानीची वसुली ही एक शिक्षा आहे. ती कचेरीतली साधी वजावट नव्हे. ती द्यायची तर नुकसान त्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा आदेशभंगामुळे झालं पाहिजे. आणि नियम ११ प्रमाणे आरोप लेखी कळवून त्याला उत्तराची संधी दिली पाहिजे. टपालातल्यांना १९६५ च्या केंद्रीय नागरी सेवा नियमांत हेच नियम ११ आणि नियम १६ मध्ये सापडेल. भाड्याच्या किंवा ठेकेदाराच्या गाडीवरच्या पोरांना हे नियम लागू नाहीत. पण कारण दाखवण्याची संधी दिल्याशिवाय नुकसानीची कपात नाही, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे.

मामांसारखं दोन ओळींचं उत्तर देऊ नका. उत्तरात विचारा: मला ही गाडी चालवायचं प्रशिक्षण कधी दिलं, त्याचा कागद दाखवा. फोर व्हील कधी काढायची याचा आदेश कुठे आहे? आदेशच नसेल तर आदेशभंग कुठला? चारही टायर एका मापाचे होते का? मागच्या महिन्यात गाडी कोणाकोणाच्या हातात होती, लॉगबुक दाखवा. आणि मोडलेला भाग भंगारात टाकण्याआधी मला आणि माझ्या प्रतिनिधीला दाखवा.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. रूळ तुटला की आपण आधी काय पाहतो? तुटलेलं तोंड. जुनी भेग असेल तर तेवढा भाग गुळगुळीत, काळवंडलेला असतो आणि आत्ता तुटलेला भाग दाणेदार, चकचकीत. गिअरचा दात आणि शाफ्टही तसंच बोलतात. भेग जुनी दिसली, तर कालच्या एका वळणाने हे झालं असं कुणाला म्हणता येणार नाही. एखादा भाग एका झटक्यातही तुटतो, तेव्हा भेग दिसणार नाही. पण पाहिल्याशिवाय कुणी ठरवायचं नाही. मामांच्या वेळी तो भाग दुसऱ्याच दिवशी भंगारात गेला. लोखंड जे सांगणार होतं ते कुणी ऐकलंच नाही.

आपली बाजूही स्वच्छ पाहिजे. शिकवल्यावर, फलक लावल्यावर कुणी दांडी तशीच ठेवून मिरवत असेल, तर युनियन त्याची पाठराखण करणार नाही. गाडी जनतेच्या पैशाची आहे. दांडी निघत नसेल, गाडी जड वाटत असेल, तर किल्ली खिळ्याला अडकवून घरी जाऊ नका. लॉगबुकात एक ओळ लिहा: "फोर व्हीलची दांडी निघत नाही, तपासावी." खाली सही, वेळ. त्या दिवशी मी ती एक ओळ लिहिली असती, तर मामांनी गाडी काढण्याआधी फिटरला बोलावलं असतं.

आणि प्रशासनाकडे आपल्या मागण्या फार मोठ्या नाहीत. ज्याच्या हातात अशी गाडी द्यायची त्याला आधी अर्धा दिवस शिकवा. चालकासमोर त्याच्या भाषेत एक पट्टी चिकटवा: कोरड्या टणक रस्त्यावर फोर व्हील काढा. चारही टायर एका मापाचे द्या. वसुलीआधी मोडलेला भाग जाणकाराकडून तपासा. अर्धा दिवस, एक पट्टी, चार सारखे टायर. एका ट्रान्सफर केसच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

सकाळच्या त्या मुलाला मी गाडी थांबवायला लावली. देवळाच्या मागे मोकळी जागा होती. मी मागे उभा राहिलो, त्याने सरळ पाच मीटर मागे घेतली. दांडी टक् करून आपोआप सुटल्यासारखी निघाली. पुढच्या कोपऱ्याला गाडी आवाज न करता वळली. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?"

तोच प्रश्न, मामांनी विचारलेला. आज इथे बसलेल्या प्रत्येकाने आपापल्या कचेरीत जाऊन एका माणसाला तरी हे सांगावं, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.